इनबॉक्समध्ये व्हॉइसमेल आला की मेल सर्व्हरला धाप का लागते?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज या आपल्या मेल सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज १० चाही शेवटचा दिवस तोच होता, त्यामुळे ही बातमी त्याखाली दबून गेली. पण ज्यांचा मेल सर्व्हर ऑफिसच्याच एका खोलीत, स्वतःच्या एसीखाली चालतो, त्यांची झोप उडाली. त्यातही एक छोटा गट जास्त अडचणीत आला. यांचे व्हॉइसमेलही, म्हणजे फोन उचलला नाही तर बीपनंतर कोणी बोलून ठेवलेले निरोप, याच सर्व्हरमार्फत इनबॉक्समध्ये येतात, आणि व्हॉइसमेलची सोय पोटात असलेली २०१६ ही एक्स्चेंजची शेवटची आवृत्ती. २०१९ मधून मायक्रोसॉफ्टने तो भागच काढून टाकला होता.

अशाच एका ऑफिसात नव्या मांडणीचं बोलणं चाललं होतं. मी कागदावर मेल सर्व्हरचा एक चौकोन काढला आणि शेजारी व्हॉइसमेलसाठी दुसरा. अकाउंट्सच्या मॅडमनी दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "हा कशाला? अर्ध्या मिनिटाची ती ऑडिओ फाइल. आम्ही रोज पंधरा-पंधरा एमबीच्या एक्सेल शीट पाठवतो, तेव्हा तुमचा सर्व्हर चकार शब्द काढत नाही."

प्रश्न चोख होता. आयटीवाले अशा वेळी 'परफॉर्मन्स इश्यू होतो' एवढं म्हणून मोकळे होतात, आणि समोरच्याला वाटतं की हा खर्च वाढवायला बसलाय. म्हणून जरा सविस्तर.

## एक झालं म्हणजे काय काय एक झालं?

जुन्या ऑफिसात निरोपांची तीन घरं असायची. मेल संगणकावर, फॅक्स कोपऱ्यातल्या मशीनवर, आणि फोनवरचा निरोप ईपीएबीएक्सला जोडलेल्या व्हॉइसमेलच्या पेटीत. (ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसचं खासगी टेलिफोन एक्स्चेंज. बाहेरून आलेला फोन आतल्या एक्स्टेन्शनला जोडून देतं ते.) फोनवरचा लाल दिवा लुकलुकला की ठरलेला नंबर फिरवायचा, पिन द्यायचा आणि निरोप एकामागून एक ऐकत बसायचं. आपल्याला हवा असलेला नेमका सातवा असायचा.

युनिफाइड मेसेजिंगने ही घरं मोडली आणि सगळं एका मेलबॉक्समध्ये आणलं. फोनवरचा निरोप ध्वनिफीत होऊन मेलला चिकटतो, बाकीच्या मेलांच्या रांगेत येऊन बसतो. सातवा हवा तर सातवा उघडा. वाट १९९२ मध्येच मोकळी झाली होती. त्या साली माइम हे मानक आलं आणि मेलमधून अक्षरांखेरीज चित्र, आवाज असं काहीही नेता येऊ लागलं. आपल्याकडे ही सेवा लोकांना विकायची तर दूरसंचार विभागाचा परवाना लागे, आणि २००१ सालच्या त्या परवान्याच्या नावातच 'युनिफाइड मेसेजिंग' हे शब्द होते. म्हणजे गोष्ट काही आजची नाही.

एकत्र आणण्याच्या तऱ्हा मात्र दोन. एकीत कोठारच एक असतं, निरोप थेट मेलबॉक्समध्ये राहतो. दुसरीत व्हॉइसमेलचं स्वतःचं कोठार शाबूत असतं आणि तिथल्या निरोपाची प्रत मेलबॉक्समध्ये येते. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या घरातच दोन्ही नमुने सापडतात. त्यांची युनिटी ही व्हॉइसमेल यंत्रणा एक्स्चेंजलाच कोठार मानायची, तर युनिटी कनेक्शनने आपलं कोठार वेगळं ठेवलं आणि ८.५ आवृत्तीपासून प्रती एक्स्चेंजशी जुळवायला सुरुवात केली. दुसऱ्या तऱ्हेत दोन वह्या सतत पडताळून पाहायचं काम वाढतं. इकडे निरोप ऐकला की तिकडे 'ऐकला' अशी खूण पडायला हवी, आणि फोनवरचा लाल दिवा विझायलाही हवा. दिवा विझवणं ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्यासाठी कोणीतरी प्रत्येकाच्या मेलबॉक्सवर सारखी नजर ठेवून असावं लागतं. एक्स्चेंज २००७ मध्ये व्हॉइसमेल आला तेव्हा हा दिवा लावायची सोय आत नव्हतीच, ती २०१० च्या आवृत्तीत आली.

## आधी वजनाचा हिशोब

मॅडमचा मुद्दा वजनाचा होता, तर वजनच करू.

आवाज आकड्यांत भरायची आणि पुन्हा बाहेर काढायची जी रीत, तिला कोडेक म्हणतात. टेलिफोनच्या जगातलं जुनंजाणतं कोडेक म्हणजे १९७२ सालचं जी.७११. ते सेकंदाला ८,००० वेळा आवाजाचं माप घेतं आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितं. म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट. अर्ध्या मिनिटाचा निरोप झाला २४० केबीचा. मोबाइलसाठी बनलेल्या जीएसएम ६.१० या कोडेकला सेकंदाला १३,००० बिट पुरतात, म्हणून तोच निरोप ४९ केबीत बसतो. आवाज थोडा डबक्यातून आल्यासारखा वाटतो, पण "साहेब, चेक तयार आहे" एवढं कळायला पुरेसा.

एक्स्चेंज २००७ मूळ सेटिंगमध्ये निरोप डब्ल्यूएमए या प्रकारात साठवायचं, २०१० पासून एमपी३ मध्ये. डब्ल्यूएमएची एक गंमत आहे. त्या फाइलच्या डोक्यावर सुमारे ७ केबीची पाटी असते. पंधरा सेकंदांहून लहान निरोप असेल तर पाटीच जड होते आणि जीएसएम परवडतं. निरोप लांबला की डब्ल्यूएमए हलकं पडतं. "फोन कर" एवढंच बोलणारे लोक किती आणि इत्थंभूत हकिगत सांगणारे किती, यावर ऑफिसचं कोडेक ठरावं असा हा प्रकार.

यात आणखी एक भर. मेलच्या वाटेवरून जाताना अटॅचमेंट साध्या अक्षरांत लिहावं लागतं आणि त्यात तीन बाइटांची चार अक्षरं होतात. २४० केबीचे ३२० होतात, ४९ चे ६५.

आता पाचशे माणसांचं ऑफिस धरू. प्रत्येकाला दिवसाला चार निरोप, प्रत्येक निरोप अर्ध्या मिनिटाचा. हे आकडे मी गृहीत धरलेत, तुम्ही तुमचे घाला. २,००० निरोप झाले. जी.७११ मध्ये दिवसाला ६४० एमबीची वाहतूक, जीएसएममध्ये १३०. त्याच माणसांना रोज पन्नास मेल येत असतील आणि सरासरी मेल ७५ केबीचा असेल, तर २५,००० मेल आणि १,८७५ एमबी. म्हणजे कोडेक नीट निवडलं तर व्हॉइसमेलची भर सात टक्के. जी.७११ तसंच साठवलं तर मात्र तीस टक्क्यांच्या वर.

म्हणजे इथवर मॅडमचंच खरं. सात टक्क्यांसाठी कोणी नवा सर्व्हर घेत नाही.

## खानावळीत टेबलं मांडली

सदाशिव पेठेतली डब्यांची खानावळ डोळ्यांसमोर आणा. रोज चारशे डबे. अकरापर्यंत डबेवाला यायचा असतो, तोवर मावशींच्या पोळ्या चाललेल्या असतात. मध्येच सिलिंडर संपला, बदलण्यात दहा मिनिटं गेली, एखादी पोळ्या लाटणारी उशिरा आली, तरी बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. डबा अकराला निघाला म्हणजे झालं.

मग मालकाच्या मनात येतं की पुढच्या खोलीत चार टेबलं मांडावीत. जेवायला येणारे चाळीस. चारशेवर चाळीस म्हणजे दहा टक्केच पोळ्या वाढल्या. पण आता सिलिंडर संपला की पानावर बसलेला माणूस रिकाम्या ताटाकडे बघत असतो. दोन मिनिटं थांबतो, पाचव्या मिनिटाला उठतो. पोळ्या थोड्याच वाढल्या, पण त्यांच्या वेळेची सवलत गेली.

मेल म्हणजे डबा. व्हॉइसमेल म्हणजे पानावर बसलेलं गिऱ्हाईक.

मेल किती सोशिक असावा हे त्याच्या मानकातच लिहिलेलं आहे. पलीकडचा सर्व्हर मेल घेत नसेल तर पाठवणाऱ्याने किमान चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावेत, असं ते सांगतं. चार-पाच दिवस! उलट फोनवरच्या बोलण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी की तोंडापासून कानापर्यंतचा एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. सेकंदाचा सातवा हिस्सा. हे दोन स्वभाव आपण एकाच चुलीवर बसवतो.

## एक फोन येतो तेव्हा

एक्स्टेन्शन २१७ वाजतंय, कोणी उचलत नाही. ईपीएबीएक्स तो फोन व्हॉइसमेलकडे वळवतं.

व्हॉइसमेल आधी ऑफिसच्या डिरेक्टरीला विचारतं की २१७ कोणाचं, आणि त्याचा मेलबॉक्स कुठल्या सर्व्हरवर आहे. मग त्या मेलबॉक्समध्ये जाऊन त्या माणसाने स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेलं "मी सध्या जागेवर नाही" शोधतं, कारण युनिफाइड म्हटलं की तेसुद्धा मेलबॉक्समध्येच ठेवलेलं असू शकतं. ते वाचून फोनवर वाजवायचं. इतकं होईपर्यंत फोन करणारा रिसीव्हर कानाला लावून उभा असतो.

मग बीप. आता माणूस बोलू लागतो आणि त्याचा आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या पुड्या बांधून येतो. सेकंदाला पन्नास पुड्या, प्रत्येक पुडीत १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्ता. उशिरा आलेली पुडी फुकट जाते, ती परत मागायची सोय नसते. आलेला आवाज लहान कोडेकमध्ये बदलण्याचं काम प्रोसेसर करतो. माणसाने फोन ठेवला की ध्वनिफीत मेलला चिकटवून मेलच्या रांगेत सोडायची. त्या क्षणी पानावरचं गिऱ्हाईक उठलं आणि उरलं ते डब्याचं काम. तो मेल दोन मिनिटांनी पोचला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

चांगली व्हॉइसमेल यंत्रणा नेमकी याच सांध्यावर बेतलेली असते. बोलणं आधी स्वतःच्या डिस्कवर लिहून घ्यायचं, मेल सर्व्हरला बोलण्याच्या मध्ये येऊ द्यायचं नाही, आणि पूर्ण झालेला निरोप सवडीने पोचवायचा. एक्स्चेंज २००७ ने कामाचे पाच भाग पाडले होते. व्हॉइसमेलचा भाग त्यात वेगळा होता आणि तो निरोप मेलच्या वाहतुकीचं काम पाहणाऱ्या भागाकडे सोपवायचा. मेलबॉक्सचा सर्व्हर तेव्हा बंद असला तरी निरोप रांगेत थांबून राहायचा.

उचलून ऐकणाऱ्याचा त्रास याहून मोठा आहे. गाडी चालवता चालवता कोणी फोनवरून स्वतःचा मेलबॉक्स उघडतो, 'पुढचा' म्हणतो, एक दाबतो, तीन दाबतो. प्रत्येक बटणामागे मेलबॉक्समध्ये एक फेरी. आउटलुकमध्ये पुढचा मेल उघडायला दीड सेकंद लागला तर आपण तेवढ्यात चहाचा घोट घेतो. फोनवर दीड सेकंद शांतता पसरली की माणूस "हॅलो?" म्हणतो. यंत्राला.

## नुसतेच मिस्ड कॉल

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एका ऑफिसात व्हॉइसमेल नवा जोडला होता, कागदावरचा हिशोब मीच केला होता आणि तो बरोबरही होता. पंधरा दिवसांनी तक्रार आली की अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचे निरोप येत नाहीत, नुसते 'तुम्हाला यांचा फोन येऊन गेला' असे मेल येतात. निरोप न ठेवता कोणी फोन ठेवला की यंत्रणा तसा मेल पाठवते. आम्ही लाइनवाल्यांना दोष दिला, मग फोनची लाइन नेटवर्कला जोडणाऱ्या गेटवेला. सर्व्हरचा प्रोसेसर वीस टक्क्यांवर निवांत होता, मेमरी शिल्लक होती, नेटवर्क रिकामं होतं.

धागा सापडला तो एका विचित्र गोष्टीने. ज्यांनी स्वतःच्या आवाजात निवेदन भरलेलं नव्हतं, त्यांची तक्रार नव्हती. ज्यांनी हौसेने "हाय, यू हॅव रीच्ड..." भरलं होतं, त्यांचेच निरोप गायब. ठोकळेबाज निवेदन व्हॉइसमेलच्या स्वतःच्या डिस्कवर होतं. माणसाचं स्वतःचं निवेदन मेलबॉक्समध्ये, मेल सर्व्हरच्या डिस्कवर.

त्या डिस्कवर रात्री नऊला बॅकअप सुरू व्हायचा. ऑफिस रिकामं, कुणाला त्रास नको, म्हणून आम्हीच निवडलेली वेळ. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे तिकडची माणसं कॉफी संपवून फोनला हात घालतात ती वेळ.

एरवी त्या डिस्कवरून एक तुकडा वाचायला २० मिलिसेकंद लागायचे. बॅकअप चालू असताना ते ४०० वर जायचे. मेलला काही फरक नव्हता, चारशे मिलिसेकंदांनी मेल उशिरा आला म्हणून कोण रडतंय! पण एक निवेदन वाजायला एकामागून एक डझनभर वाचनं लागत होती. वीसच्या दराने पाव सेकंद, चारशेच्या दराने जवळजवळ पाच सेकंद. पाच सेकंद ठार शांतता. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून फोन ठेवत होता.

आम्ही बॅकअप पहाटे पाचला ढकलला, आणि पूर्ण बॅकअप रविवारी. तक्रार त्याच आठवड्यात थांबली. एक रुपयाचं हार्डवेअर लागलं नाही. पण तोवर दोन नव्या लाइनी मागवून झाल्या होत्या, हेही सांगून टाकतो.

## "आता सगळीकडे एसएसडी आहे की"

हे खरं आहे आणि त्याने पुष्कळ फरक पडतो. फिरत्या डिस्कला दर वेळी डोकं हलवून नव्या जागी जावं लागतं, ७,२०० फेऱ्यांची डिस्क अशा उड्या सेकंदाला शंभराच्या आतबाहेर मारते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तिला ही अडचण नाही. माझी वरची गोष्ट आज बहुधा घडणार नाही, निदान तशीच्या तशी नाही.

तरी वेळेचा प्रश्न उरतो, आता तो प्रोसेसरकडे सरकला आहे. एका मोठ्या यंत्रावर दहा आभासी सर्व्हर चालवायची पद्धत सगळीकडे आहे. तिथे प्रत्येक जण पाळी आली की प्रोसेसर वापरतो. मेलला पाळीची वाट बघणं जमतं. दर वीस मिलिसेकंदांनी पुडी उघडणाऱ्याला ते जमेलच असं नाही. म्हणूनच बाकीचं एक्स्चेंज आभासी सर्व्हरवर चालवायला मायक्रोसॉफ्टची हरकत नव्हती, तेव्हाही व्हॉइसमेलच्या भागाला तिथे परवानगी नव्हती. ती २०११ मध्ये मिळाली, तीही २०१० च्या आवृत्तीवर पहिला सर्व्हिस पॅक, म्हणजे सुधारणांचा गठ्ठा, घातलेला असेल तर.

## एका वेळी किती जण पानावर बसतील?

इथे डेन्मार्कच्या एका गणितज्ञाची मदत होते. अग्नर क्रारुप अर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता आणि १९०९ मध्ये त्याने फोनच्या गर्दीचं गणित मांडलं. त्याच्या नावाचं माप आजही वापरतात.

समजा गर्दीच्या तासात ४०० फोन व्हॉइसमेलवर जातात, प्रत्येक ४५ सेकंदांचा. एकूण १८,००० सेकंद, भागिले तासाचे ३,६००, म्हणजे सरासरी एका वेळी पाच फोन. पण सरासरीवर टेबलं मांडली तर चारातल्या एकाहून जास्त जण दारातूनच परत जातील. शंभरातल्या एकाहून जास्त माणसाला परत जावं लागू नये असं हवं असेल, तर अर्लांगचं गणित अकरा जागा मागतं. पाचाला अकरा.

आता गंमत बघा. ऑफिसांना मिळणाऱ्या पीआरआय या डिजिटल टेलिफोन लाइनवर तीस फोन एका वेळी चालतात. एक्स्चेंज २००७ चा एक व्हॉइसमेल सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये शंभर घ्यायचा. अकरा फोन म्हणजे सेकंदाला जेमतेम ८८ केबी लिखाण, ही आजच्या कुठल्याही यंत्राला गंमतच. त्यामुळे 'व्हॉइसमेलने सर्व्हर कोसळतो' हे मला कधी पटलेलं नाही. तो कोसळत नाही, अडखळतो, आणि तेही नेमका कोणी ऐकत असताना.

## बोललेलं लिहून द्या म्हटलं की

खरा प्रोसेसर खाणारा पाहुणा हा आहे. निरोपाचा मजकूर मेलमध्येच वाचायला मिळावा ही मागणी रास्तच, मीटिंगमध्ये बसून निरोप ऐकता येत नाही. एक्स्चेंज २०१० ने ही सोय दिली, पण ७५ सेकंदांहून लांब निरोप ते लिहून देत नसे, आणि सर्व्हर कामात बुडालेला असेल तर मजकुराशिवायच निरोप पुढे सोडून द्यायचं. यावरून कामाच्या जडपणाची कल्पना यावी. आवाज साठवणं म्हणजे पोळी डब्यात ठेवणं, आवाज ओळखणं म्हणजे प्रत्येक पोळीची कृती लिहून काढणं.

दिलासा एवढाच की हे काम डब्याच्या जातीचं आहे. फोन ठेवल्यानंतर सुरू होतं, थांबू शकतं, दुसऱ्या यंत्रावर नेता येतं. एक्स्चेंज ज्या भाषांत लिहून द्यायचं त्यांच्या यादीत मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. "सर, तो पीओ अजून रिलीज झाला नाहीये, प्लीज बघा ना" या वाक्याचं त्याने काय केलं असतं याची मला आजही उत्सुकता आहे.

## "व्हॉट्सॲपवर तर कोटींनी व्हॉइस नोट जातात"

जातात, २०१३ पासून जातात. पण तिथे रेकॉर्डिंग तुमचा फोन करतो, कोडेकचं कामही फोनच करतो, आणि पूर्ण झालेली फाइल मग पुढे जाते. सर्व्हरला तुमच्या बोलण्याची वाट बघत कान लावून बसावं लागत नाही. म्हणजे तो डबाच, फक्त आत आवाज आहे.

"मग क्लाउडवर टाका आणि विषय संपवा" हा त्याच्या पुढचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने स्वतः तेच केलं, पण कसं ते बघण्यासारखं आहे. ऑनलाइन एक्स्चेंजमधलं युनिफाइड मेसेजिंग त्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये बंद केलं आणि क्लाउड व्हॉइसमेल ही वेगळी सेवा पुढे केली. फोन उचलणं, ऐकणं, लिहून काढणं तिकडे. मेलबॉक्समध्ये येतो तो शिजून तयार झालेला मेल. मी कागदावर काढलेला दुसरा चौकोन त्यांनीही काढला. तुमच्या बाजूने तेव्हा प्रश्न राहतो इंटरनेटच्या लाइनचा. जी.७११ चा एक फोन दोन्ही दिशांना सेकंदाला किमान ८० किलोबिट घेतो, आणि त्याच लाइनवर कोणी मोठी फाइल ओढत असेल तर पुड्या उशिरा येतात.

आपल्याकडे व्हॉइसमेल वापरतं कोण, असंही विचारतात. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवणारी माणसं आपण, बीपनंतर बोलायची आपल्याला लाजच वाटते. पण हिंजवडी किंवा ऐरोलीच्या ज्या ऑफिसांचं गिऱ्हाईक लंडन-शिकागोला बसतं, तिथे वापरणारे आपण नसतो, फोन करणारे असतात.

## कोठाराचं पुढे काय होतं

रोजचे सात टक्के हलके, पण वर्षाचे जड होतात, कारण आवाजावर नुसती नजर टाकता येत नाही. मेल दोन ओळी वाचून पुसतो आपण. व्हॉइसमेल 'नंतर ऐकू' म्हणून राहतो, ऐकला तरी 'असू दे' म्हणून राहतो. जुन्या पेटीत निरोप तीस दिवसांनी आपोआप पुसायचं सेटिंग सहज करता यायचं. मेलबॉक्समध्ये आला की त्याला मेलचे नियम लागतात: तो बॅकअपमध्ये जातो, लॅपटॉपवर उतरतो, मोबाइलवर उतरतो, आणि ऑफिस सगळे मेल काही वर्षं जपून ठेवत असेल तर तोही तितकीच वर्षं राहतो. भांडण कोर्टात गेलं तर 'तो निरोप काढून दाखवा' म्हणता येतं. पूर्वी तोंडी बोललेलं हवेत विरायचं.

एकच निरोप चाळीस जणांना पुढे पाठवला तर? जुनं एक्स्चेंज एका डेटाबेसमध्ये अटॅचमेंटची एकच प्रत ठेवून भागवायचं. २०१० पासून ती काटकसर सोडून दिली, डिस्क स्वस्त झाल्या म्हणून. तेव्हापासून चाळीस प्रती.

मॅडमना मी शेवटी एक प्रयोग करायला सांगितला. आपला बॅकअप सुरू झाला की मोबाइलवरून स्वतःच्याच एक्स्टेन्शनला फोन लावा, उचलू नका, आणि फोन व्हॉइसमेलवर गेल्यापासून स्वतःचा आवाज ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दुसऱ्या दिवशी कागदाचा चिटोरा माझ्या टेबलावर होता: तीन वेळा लावला, दोन, चार, चार. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'चौकोन ठेवा. पण लहान.'